वाररेषेच्या अलीकडे-पलीकडे

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘शिडाच्या बोटीतून बेटांची सफर’. मी ग्रुपवर फिजीचे फोटो टाकले तेव्हापासून मला तुमच्याकडून तीनच प्रश्न येतात. जेवायला काय करता, नोकरीचं काय केलंस, आणि भीती नाही का वाटत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खिचडी. आमच्या बोटीवरची शेगडी दोन बाजूंनी टांगलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते. तिच्यावर प्रेशर कुकर क्लॅम्पने आवळून ठेवायचा. झाकण बंद असल्यामुळे लाट आली तरी काही सांडत नाही. कुकरइतकी समुद्रयोग्य वस्तू आपल्या देशाने दुसरी केलेली नाही, असं माझं मत आहे.

दुसऱ्याचंही फार लांबण लावत नाही. ज्या कंपनीत मी अकरा वर्षं काम केलं, तिने २०२३ च्या सुरुवातीला एका सकाळी व्हिडिओ कॉलवर आमचा अख्खा विभाग बंद केला. कॉल सुरू झाला तेव्हा माझा चहा गरम होता आणि संपला तेव्हाही तो बऱ्यापैकी गरमच होता. हातात काही महिन्यांचा पगार होता. ऑकलंडच्या धक्क्यावर आमची जुनी, अकरा मीटर लांबीची फायबरग्लासची बोट उभी होती. पाच वर्षं आम्ही ती शनिवार-रविवारी चालवत होतो. नवरा म्हणाला, या मोसमात जायचं, नाहीतर आपण साठीपर्यंत ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहू. मी हिशेब केला, त्याला रजा मिळाली, आणि आम्ही निघायचं ठरवलं.

इथे बसलेल्या काही जणांना आठवत असेल, आठवीच्या सहलीत मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत पहिली उलटी मी केली होती. तेव्हा ‘लहानपणापासून समुद्राची ओढ’ वगैरे माझ्या बाबतीत काही नाही. २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि न्यूझीलंडला लिटल्टन बंदरात थांबल्या. गोव्यात बांधलेली बोट, त्यावर आपल्या मुली, आणि मी त्याच देशात ऑफिसच्या खिडकीतून बोटी मोजत बसलेली. त्यानंतर मी शिडाच्या वर्गाला नाव घातलं. उलट्या अजूनही होतात, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी थांबतात.

आता भूगोल. आपल्या बाई ‘कारणे द्या’मध्ये एक प्रश्न हमखास घालायच्या: आंतरराष्ट्रीय वाररेषा काही ठिकाणी वळवली आहे. उत्तर आपण पाठ केलं होतं, जमिनीवरून गेली तर एकाच बेटावर दोन वार होतील म्हणून. बाई, ज्या बेटांसाठी ती रेषा वळवली त्यांपैकी एकावर मी उभी राहून आले. फिजीतल्या तावेउनी बेटावरून १८० रेखावृत्त जातं. तिथे एक फलक आहे आणि लोक एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. मीही काढला.

पण बोटीवर हे रेखावृत्त फलकासारखं येत नाही. नकाशा दाखवणाऱ्या प्रणालीत पूर्व रेखांश १७९ वरून वाढत १८० होतात आणि एकदम पश्चिम रेखांश सुरू होतात. काही प्रणालींना हे नीट झेपत नाही. आमच्या एका स्क्रीनवर आमचा पुढचा मार्ग पॅसिफिकमधून निघून आफ्रिकेवरून जगाला वळसा घालून परत आला. अशा चुका शोधणं हेच माझं वीस वर्षांचं पोट. पहाटे तीनला, एकटी पहाऱ्यावर असताना, मी मोठ्याने हसले.

न्यूझीलंडहून फिजीला बोटी साधारण मे महिन्यात जातात, कारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा चक्रीवादळांचा काळ. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होतो, तसंच हे वेळापत्रक. न्यूझीलंडमध्ये नोंदलेली बोट देशाबाहेर न्यायची तर आधी सुरक्षेची तपासणी पास व्हावी लागते. जीवरक्षक तराफा, संकटसंदेश पाठवणारं यंत्र, वादळी शिडं, सगळं निरीक्षक बघून जातो. मग ओपुआ या बंदरातून उत्तरेकडे अकराशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे दोन हजार किलोमीटर. आमची बोट ताशी पाच-साडेपाच सागरी मैल जाते. सायकलीचा वेग म्हणा. तीन तास तो, तीन तास मी, असे रात्रंदिवस पहारे. सुरुवातीचे दिवस थंड आणि उलटसुलट वाऱ्याचे. मग एकदा आग्नेय व्यापारी वारे लागले की ते उजव्या अंगाने येतात आणि शिडाला दिवसदिवस हात लावावा लागत नाही.

वाटेत सुमारे आठशे मैलांवर मिनर्व्हा नावाचं प्रवाळ आहे. बेट नव्हे. समुद्राच्या मधोमध प्रवाळाचं एक गोल कडं, भरतीला जवळजवळ पूर्ण पाण्याखाली जाणारं. वायव्येला एक फट आहे, तिच्यातून आत शिरायचं आणि नांगर टाकायचा. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत जमीन नाही, झाड नाही, बाहेर लाटा फुटताहेत आणि आत पाणी तळ्यासारखं. सहा दिवसांनी आम्ही दोघं प्रथमच एका वेळी झोपलो.

सकाळी उपग्रहावरून संदेश येणाऱ्या डबीवर भावाचे शब्द होते: आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन. काळजी करू नको.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. भीती वाटते, पण तुम्ही विचारता त्या गोष्टीची नाही. बोट पाण्यावर तरंगण्यासाठीच केलेली असते. भीती वाटते ती या दहा-अकरा शब्दांची.

टोंगाची राजधानी अंतराने जवळ होती, पण तिकडे जायचं तर वारा जवळजवळ तोंडावर, आणि तिथून विमानंही कमी. फिजीतलं सावुसावू चारशेवीस मैल, वारा अनुकूल. तासाभरात नांगर वर घेतला. मग तीन दिवस आणि सात तास. इंजीन लावून अर्धा नॉट वाढतो, तोही लावला. पहाऱ्यावर बसल्यावर करण्यासारखं काहीच नसतं. शिडं बरोबर आहेत, दिशा बरोबर आहे, बोट जमेल तेवढ्या वेगाने चालली आहे. दुसऱ्या रात्री डबीवर आलं: ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली. तू कुठे आहेस विचारते. भावाने तिला काय सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

बंदरात शिरताना पिवळं निशाण लावायचं, म्हणजे आमची तपासणी अजून व्हायची आहे. आरोग्य, जैवसुरक्षा, कस्टम्स, इमिग्रेशन, चार खात्यांचे लोक बोटीवर येतात. माझी हकिगत ऐकून त्यांच्यातल्या एका बाईंनी माझे कागद आधी घेतले आणि छोट्या विमानाची वेळही त्यांनीच फोन करून विचारली. सावुसावूहून नांदी, नांदीहून सिंगापूर, मुंबई, आणि पहाटेची कोकण रेल्वे. संदेश मिळाल्यापासून सातव्या दिवशी मी रत्नागिरीला दवाखान्यात पोचले. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढ्या लांबून आलीस कशाला? आणि आलीसच, तर एवढ्या उशिरा कशाला?”

पाच आठवडे राहिले. वॉकर घेऊन ती ओटीवर येऊ लागली तेव्हा तिनेच विचारलं, “जावईबापू तिकडे एकटे बोट धरून बसलेत का?” जुलैत मी परत फिजीला गेले.

(‘नांदी’ म्हटल्यावर काही जण हसलात. फिजीत डी लिहितात आणि उच्चार ‘न्द’ करतात, बी लिहून ‘म्ब’ करतात. त्यामुळे नकाशावर दिसतं नादी आणि लबासा, प्रत्यक्षात ते नांदी आणि लंबासा. आपल्या अनुस्वाराची त्यांना इंग्रजीने सोयच ठेवलेली नाही.)

सावुसावू हे वानुआ लेवू या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या बेटावरचं एका रस्त्याचं गाव. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आपल्या राजापूर-आरवलीसारखे, फक्त इतके तापलेले की बायका त्यात पातेलं ठेवून कंद शिजवून नेतात. बाजारात दालो मिळतो, म्हणजे अळूचाच कंद, आणि कसावा, पपई, आणि शेजारच्याच टपरीवर भजी आणि रोटी-करी. काचा नसलेल्या बसमध्ये हिंदी सिनेमाची गाणी. याचं कारण तुम्हाला थोडंफार माहीत असेल. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून जास्त माणसं हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर काम करायला पाच वर्षांच्या करारावर फिजीला नेली गेली. अ‍ॅग्रीमेंटचं ‘गिरमिट’ झालं आणि माणसं गिरमिटिया. सुरुवातीला सगळी कलकत्त्याहून, १९०३ पासून मद्रासहूनही.

ऑकलंडमधला माझा एक सहकारी मूळचा फिजीचा. १९८७ आणि २००० च्या सत्तापालटांनंतर त्यांच्यातले बरेच लोक न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला गेले. त्याने सांगितलं होतं, लंबासाला माझी आजी आहे, तिला भेट. ऑगस्टमध्ये आम्ही डोंगर ओलांडून बसने गेलो. गळिताचा मोसम होता, कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रकांची रांग, आणि तो मळीचा वास. माझ्या नवऱ्याचं बालपण सांगलीजवळ गेलं. तो बसमधून उतरला आणि एक शब्द न बोलता दोन मिनिटं नुसता उभा राहिला.

आजी ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांची हिंदी आपल्या सिनेमातली नव्हे. भोजपुरी-अवधीचा पाया, त्यात फिजीचे आणि इंग्रजी शब्द, आणि क्रियापदाची रूपं आपल्या व्याकरणाच्या बाईंना घेरी येईल अशी. पण मला ती हिंदी आवडली. तिच्यात ‘आप’चा फारसा बडेजाव नाही. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? तुमचा जिल्हा कोणता. मी म्हटलं रत्नागिरी. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं, ओळखीचं निघतंय का म्हणून. मग उठून ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली एक छायाप्रत आणली. त्यांच्या आजोबांचा इमिग्रेशन पास. हे पास सुवाच्या अभिलेखागारात जपलेले आहेत आणि नातवंडं त्यांच्या प्रती काढतात. नाव, बापाचं नाव, वय एकवीस, जात, उंची, डाव्या गालावर व्रण. जिल्हा बस्ती. पुढे ठाणं आणि गाव, कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलेलं.

शिडाच्या जहाजांना कलकत्त्याहून फिजीपर्यंत सुमारे अडीच महिने लागत, आगबोटी आल्यावर महिनाभर. पहिलं जहाज ‘लिओनिडास’. १४ मे १८७९ ला लेवुकाला लागलं तेव्हा त्यावर कॉलरा आणि देवीची लागण होती, माणसांना बाहेर एका बेटावर वेगळं ठेवलं. मळ्यावर बराकींत जी खोली मिळे ती दहा बाय सात फुटांची, तीन एकट्या पुरुषांना किंवा एका कुटुंबाला. मी मनातल्या मनात आमच्या बोटीची केबिन मोजली. साधारण तेवढीच आहे. आम्ही तिला ‘आटोपशीर’ म्हणतो, कारण कधीही उतरता येतं.

आजींना मी विचारलं, आजोबा घराबद्दल काही बोलायचे का? त्या म्हणाल्या, आजोबांनी दोन चिठ्ठ्या पाठवल्या. एकीचंही उत्तर आलं नाही. मग त्यांनी पाठवणं बंद केलं. एवढंच. मला माझे सात दिवस फार वाटले होते.

सगळे दिवस असे जड नव्हते. बहुतेक दिवस गेले ते प्रवाळातून वाट काढण्यात, आणि मला विचाराल तर शिडापेक्षा खरी विद्या ती आहे. तिथले काही नकाशे एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीवर आधारलेले, जीपीएसशी जुळत नाहीत. नकाशा म्हणतो तुम्ही पाण्यात, जीपीएस म्हणतं तुम्ही झाडावर. आम्ही लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं लावायचो, पण शेवटी डोळेच. सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच आत शिरायचं. मी पुढे नाळेवर उभी, चष्मा चकाकी कापणारा, नवरा सुकाणूवर. गडद निळं म्हणजे खोल. हिरवट म्हणजे वाळू आणि कमी पाणी. तपकिरी दिसलं की हात वर आणि बोट जागच्या जागी. ढग आला तर सगळे रंग एकच होतात, मग ढग जाईपर्यंत थांबायचं. तिथे बोलून उपयोग नसतो, वाऱ्यात ऐकू येत नाही. वीस वर्षांच्या संसारात आम्ही हातवाऱ्यांनी इतके नीट कधी बोललो नव्हतो.

फिजीत प्रत्येक किनारा, त्यासमोरचं प्रवाळ आणि मासळी कुठल्या तरी गावाची समजतात. त्यामुळे नांगर टाकला की आधी गावात जाऊन सेवुसेवू करायचं. यांगोना नावाच्या झुडपाच्या वाळक्या मुळ्या, अर्धा किलोची जुडी, वर्तमानपत्रात बांधून फीत लावलेली. बाजारात तशीच तयार मिळते. गुडघ्याखाली जाईल असं वस्त्र गुंडाळायचं, टोपी-गॉगल काढायचा, पिशवी खांद्याला न लावता हातात धरायची. गावकामगाराला, त्यांच्याकडचा ‘तुरांगा नी कोरो’, भेटायचं, जमिनीवर बसून जुडी पुढे ठेवायची. तो ती उचलतो, काहीतरी पुटपुटतो, पोकळ हातांनी टाळ्या होतात. त्या क्षणापासून तुम्ही गावचे पाहुणे, तुमची जबाबदारी त्यांची. मानाचा नारळ देणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. मुळ्या कुटून पाण्यात कालवतात आणि करवंटीतून पितात. चव मातीच्या पाण्यासारखी, जीभ बधिर होते. आवडली असं म्हणणार नाही. दुसरी करवंटी मात्र घेतली.

सप्टेंबरात नातेवा उपसागरात वुनिंदोंगोलोआ गावाला गेलो. याचं नाव तुम्ही कदाचित वाचलं असेल. समुद्र घरात येऊ लागला म्हणून २०१४ मध्ये हे अख्खं गाव साधारण दोन किलोमीटर आत, उंचावर हलवलं. फिजीत असं हलवलेलं हे पहिलं गाव. त्याआधी समुद्राला भिंत बांधून बघितली, ती टिकली नाही. नव्या जागेला त्यांनी ‘केनानी’ म्हणजे कनान नाव दिलं, बायबलमधली वचन दिलेली भूमी. नवी घरं एका रांगेत, एकसारखी. खाली जुन्या जागी जोती दिसतात आणि माड.

आमच्याबरोबर खाली आलेला माणूस माझ्याच वयाचा असेल. तो एका जोत्यावर चढला आणि म्हणाला, हे आमचं. इथे चूल होती. मी विचारलं, वर बरं आहे का? तो म्हणाला, वर झोप लागते. भरतीच्या रात्री आता कोणी मुलांना उचलून घेत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, पण मासे पकडायला उतरून यावं लागतं, आणि म्हाताऱ्यांना वर समुद्राचा आवाज येत नाही. याहून जास्त तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. आपल्या गावच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड गेल्या पावसाळ्यात कुठपर्यंत सरकले होते, ते काल मी येताना बघितलं. इथले तुम्ही रोज बघता, तुम्हाला मी काय सांगणार.

ऑक्टोबरअखेर आम्ही बोट फिजीतच वर काढली. तिथे चक्रीवादळासाठी जमिनीत खड्डे खणून ठेवलेले असतात, बोटीचा तळ त्यात उतरवतात आणि सगळीकडून आवळून बांधतात. २०१६ च्या विन्स्टन वादळात चव्वेचाळीस माणसं गेली, तेव्हापासून या बाबतीत तिथे कोणी हयगय करत नाही. मी परत नोकरीला लागले, यावेळी अर्धवेळ. बोट अजून तिकडेच आहे, आम्ही मे महिन्यात जातो आणि ऑक्टोबरात येतो. मध्ये एक फेरी आईकडे, हे आता तिकीट काढूनच ठरतं.

वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. एक कामाचं सांगते आणि बसते. आजींच्या त्या पासवरचं गाव मी शोधतेय. इंग्रजी अक्षरांवरून होणारे सगळे उच्चार काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, जनगणनेतल्या गावांच्या याद्या त्याला लावल्या. अडचण अशी की तेव्हाच्या बस्ती जिल्ह्याचे पुढे तुकडे झाले, सिद्धार्थनगर आणि संत कबीर नगर वेगळे निघाले. ठाण्याचं नाव धरून चाळल्यावर तीन गावं उरली आहेत. यापुढे कॉम्प्युटरचा उपयोग नाही. तिथे जाऊन कोणीतरी विचारायला हवं, १९०८ च्या सुमारास इथून एकवीस वर्षांचा, डाव्या गालावर व्रण असलेला मुलगा गेला आणि परत आला नाही, असं कुठल्या घरात सांगतात का. काल जेवताना कळलं की आपल्या ‘ब’ तुकडीतला एक जण रेल्वेत आहे आणि सध्या गोरखपूरला असतो. तो इथे बसलेला असेल तर त्याने चहाच्या वेळी मला गाठावं. तिन्ही गावांची नावं मी कागदावर लिहून आणली आहेत. आजी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत.